चरीच्या अलीकडं

पहिल्या शेतकऱ्यानं पोलीस बोलावला. दुसऱ्यानं कुत्रं सोडलं. तिसऱ्यानं दारच उघडलं नाही, दाराच्या बेलमधूनच बोलला, "जे काय विकायला आणलंय ते नको आम्हाला."

"विकायला नाही आलो. विचारायला आलोय," संग्राम त्या बेलला म्हणाला.

"तेही नको," बेल म्हणाली.

संग्राम घुटुकडे म्हसवडच्या पुढच्या माळावरचा, धनगराचा पोरगा. आता वय एक्केचाळीस, राहायला नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला, कामाला औषधाच्या कंपनीत. यंत्रातून पडलेली गोळी वजनाला आणि कडकपणाला बरोबर आहे का ते बघायचं, नसेल तर अख्खा माल अडवून धरायचा, हे त्याचं काम. अडवून धरण्यात गडी पटाईत. हाफिसात कुणी त्याला 'सॅम' म्हणायला गेलं तर तीनदा 'संग्राम' म्हणवून घेतो आणि मगच पुढचं बोलतो.

तीन वर्षांमागं ग्रीनकार्ड आलं. लोक घर बघतात, हा शिकारीच्या सरकारी वर्गाला जाऊन बसला. परीक्षा दिली, लायसन काढलं, बंदूक घेतली आणि भगवं जाकीट घेतलं. इथं शिकाऱ्यानं भगवंच घालायचं असतं, म्हणजे दुसरा शिकारी त्याला हरीण समजून गोळी घालत नाही.

"भगवं घालून मटण मिळवणारा तू पहिलाच," त्याची बायको रेणू म्हणाली होती. रेणू पुण्याची. कोंबडी खाते, पण ती कोंबडी कधी जिवंत होती हे तिला आठवून दिलेलं चालत नाही.

बंदूक आली, पण शिकारीला जागा कुठं होती? कॅरीतली हरणं लोकांच्या अंगणात गुलाब खात फिरतात, तिथं बंदूक काढायची सोय नाही. पूर्वेला तासा-दीड तासावर शेतं लागतात. त्या शेतांच्या कडेच्या झाडांवर जांभळे पट्टे मारलेले. पट्ट्याचा अर्थ असा की मालकाच्या सहीचा कागद खिशात असल्याशिवाय इथं शिकारीला पाऊल टाकायचं नाही. संग्रामनं तसा कागद छापून घेतला होता. वर मालकाचं नाव लिहायला रिकामी जागा, मधे 'संग्राम घुटुकडे यांना हरणाच्या शिकारीची परवानगी' आणि खाली सहीची रेघ. दोन हंगाम तो कागद खिशात घड्या पडून पडून मऊ झाला, पण रेघेवर शाई चढली नाही.

"सरकारी जंगल आहे ना रे? तिथे जा की," रेणू म्हणायची.

"तितं कुणाला इचारावं लागत न्हाय."

"मग चांगलंच आहे ना!"

"काय चांगलं? कुणीबी यावं आन् कुणीबी जावं. मला माझ्या नावाची जागा पायजे."

"नऊशे स्क्वेअर फुटाच्या अपार्टमेंटमध्ये राहतोस तू, यार. आधी ती कर नावावर."

त्याच्या टेबलाशेजारी क्ले बसायचा. क्ले त्याच पूर्वेकडच्या शेतांतला, उंच, लालबुंद, मनानं चांगला. तो म्हणाला, "एवढं कशाला? तिकडं निम्मे शेतकरी माझ्या नात्यातले. मी शब्द टाकतो. तू फक्त माझ्यासोबत ये. कुणी काही विचारलंच तर मी बोलेन."

"मला तोंड आहे," संग्राम म्हणाला.

"आहे रे. पण त्यांना माझं तोंड ओळखीचं आहे."

क्लेच्या बोलण्यात खोट नव्हती. पण संग्रामला अकरा वर्षांचा असतानाचा एक दिवस आठवायचा. दिवाळी झाली की त्याचे वडील, आबा, तीनशे मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे. वाटेत रोज नव्या गावात नव्या शेतकऱ्याला विचारायचं, तुमच्या रानात रातच्याला मेंढरं बसवू का? रानाला लेंडीखत मिळायचं आणि मेंढराला बसाय जागा. आबा कधी कुणाच्या दाराला जायचे नाहीत. दारात बायामाणसं असतात, अनोळखी माणसानं तिथं जाऊन काय करायचं? बांधाच्या बाहेर उभं राहायचं. काठी खांद्यावरून खाली घ्यायची, मुंडासं नीट करायचं, एकदा खाकरायचं आणि थांबायचं. रान ज्याचं तो येतो. त्याला यावंसं वाटलं की येतो. एकदा एका पुढाऱ्यानं मधे पडून जागा मिळवून दिली. म्हणाला, उभं कशाला राहताय, माझं नाव सांगा. आबांनी सांगितलं. मेंढरं बसली, कोकरं पाजून झाली, आणि दिवस कलायच्या आत तोच पुढारी आला. दुसऱ्या कळपवाल्याला त्यानं तीच जागा देऊ केली होती. उठा म्हणाला. तीनशे मेंढरं आणि दोन दिवसांची कोकरं घेऊन उठले. पाटीत कोकरं घालून चालता चालता आबा एवढंच बोलले, "दुसऱ्यानं मागून दिली तर ती जागा त्याचीच ऱ्हाती, पोरा. त्यानं ऊठ म्हणलं की उठावं लागतं."

त्यामुळं क्लेच्या शब्दावर त्याला जागा नको होती. पहिल्या शेतकऱ्यानं पोलीस बोलावला तोही आबांच्याच पद्धतीमुळं. संग्राम सवयीनं शेताच्या कडेला, पाणी जायच्या चरीच्या अलीकडं, हात खाली सोडून अर्धा तास उभा राहिला होता. घरातल्यांनी खिडकीतून बघितलं. परका माणूस काही करत नाही, नुसता उभा आहे. इथं याच्याइतकं भ्यायचं कारण दुसरं नाही. पोलीस आला, त्यानं लायसन बघितलं आणि समजावलं, "अरे बाबा, सरळ दारावर जायचं, बेल वाजवायची."

मग तो दारावर जायला लागला. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

दसऱ्याला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सुमंतकाकांनी त्याला गाठलं. सुमंतकाका हृदयाचे डॉक्टर, पन्नास वर्षांपूर्वी आलेले, आता निवृत्त. हातात श्रीखंडाची वाटी.

"संग्राम, ऐकतोय ते खरं का? तू खेड्यात शेतकऱ्यांच्या दारोदार फिरतोस? बंदूक घेऊन?"

"बंदूक गाडीतबी नसती काका, घरी कुलपात. नुसता कागद घेऊन फिरतो."

"अरे, पण कशासाठी? आम्ही आलो तेव्हा मान खाली घालून राहिलो, म्हणून आज तुम्हाला हे दिवस दिसताहेत. आपल्याला इथे कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही."

"तुमी मान खाली घातली, तवा तुमास्नी हितलं रान दिसलंच न्हाय काका," संग्राम म्हणाला. "लई चांगलं रान हाय. एकदा मान वर करून बगा."

शेजारची दोन-तीन पोरं हसली. सुमंतकाकांनी हातातला चमचा वाटीत ठेवला आणि ते गुलाबजामाकडं गेले. गाडीत रेणू म्हणाली, "एवढं बोलायची काय गरज होती? सत्याहत्तर वर्षांचे आहेत ते." संग्रामनं गाडी चालू केली. पण शब्द मागं घ्यावा असं काही त्याला वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी तो पूर्वेला निघाला. एका वळणावर गाडीचा ब्रेक त्यानं दाबला नाही, त्याच्या पायानंच दाबला. समोर भुईमूग. अठरा-वीस एकर असेल. यंत्रानं वेल उपटून पालथे घातलेले. मुळं वर, पानं खाली, पांढऱ्या शेंगा उन्हाला पडलेल्या, आणि सगळ्या रानात ओल्या शेंगांचा तो मातकट गोड वास. अमेरिकेतल्या सोळा वर्षांत त्यानं दुकानातला खारा दाणा पुष्कळ खाल्ला, पण हा वास नव्हता घेतला. त्यानं गाडी कडेला लावली आणि उतरून चरीच्या अलीकडं उभा राहिला. पोलिसानं काय सांगितलं होतं ते साफ विसरला. लांब घराच्या ओसरीवर कुणीतरी बसलेलं दिसत होतं. तो एकदा खाकरला. एवढ्या लांब ते कुणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात पाइनच्या झाडीतनं पाच हरणं निघाली आणि ओळीनं शेंगांना लागली.

पुढं जे झालं ते त्यानं केलं असं म्हणता येत नाही, ते हातानंच केलं. गाडीतला टॉवेल घेतला, दुमडला, एक टोक बोटात अडकवलं, रस्त्याकडेचा खडा मधे धरला, डोक्याभोवती दोनदा फिरवून सोडला. टॉवेलाची गोफण. लहानपणी ज्वारीच्या रानात राखणीच्या माळ्यावर उभं राहून त्यानं हेच केलं होतं. "हाऽऽऽ हुर्रऽऽ!" पहिला दगड हरणांच्या पुढं पडला. दुसरा मागं. हरणं इकडून तिकडं पळायची आणि परत शेंगांवर यायची, निर्लज्ज जात. नऊ दगड मारले तेव्हा पाचही झाडीत गेली.

ओसरीवरचं माणूस उठलं. शेतात फिरायच्या छोट्या गाडीत बसून रानातनं धडधडत चरीपर्यंत आलं. सत्तरीतली काळी बाई, डोक्याला रुमाल, पायात गमबूट, डोळे असे की उतू चाललेलं दूध नुसत्या बघण्यानं खाली बसावं. नाव अर्नेस्टीन बॅटल. तिकडं सगळे तिला मिस अर्नेस्टीन म्हणतात. तिची इंग्रजी शहरातली नव्हती, मातीतली होती, लांब ओढून बोलायची. ती आपल्या बोलीतच सांगितलेली बरी.

"माझ्या शेंगात धोंडं टाकाय तुला कुणी सांगितलं रं?"

"हरणं हुसकली. शेंगा खात होती तुमच्या."

"खाऊन खाऊन चार येल खाल्लं आसतं! मंगळवारी मळणीचं यंतर येणार हाय. एक धोंडा त्येच्या पोटात गेला म्हंजी दातं मोडली सगळी. मग काय तुझा बाप येऊन हातानं तोडणार हाय शेंगा?"

संग्रामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गावाकडं शेंगा बायका हातानंच तोडतात. तिथं गोफणीचा दगड रानात पडला तर पडला, त्याचं कुणी काय मोजत नाही. इथं यंत्र असतं हे धनगराच्या पोराच्या डोक्यातच आलं नाही. राखण करायला गेला आणि नासाडी करून बसला.

"नऊ मारलेत," तो म्हणाला. "नऊच्या नऊ वेचून देतो. आत येऊ का?"

बाईनं मान तिरकी केली. "काय म्हणालास?"

"चर ओलांडून आत येऊ का, म्हणालो."

तिनं गाडी मागं घेऊन वाट करून दिली. "ये," म्हणाली.

तासाभरात आठ दगड सापडले. नववा सापडेना. वेल उचलून उचलून त्याचं कंबरडं मोडलं. बाई गाडीतच बसून होती, सावलीला.

"असंल की झाडीत गेलेला," तो म्हणाला.

"मला काय इचारतोस? नऊचा आकडा तू सांगितलास. म्या न्हाय."

साडेबाराला नववा दगड सापडला, लिंबाएवढा, झाडीजवळच्या शेवटच्या ओळीखाली. त्यानं नऊही दगड आणून तिच्या गाडीत ठेवले आणि लगेच खिशातला कागद काढला. कशासाठी आलो ते सांगितलं. बाईनं कागदाला हातही लावला नाही.

"ठेव आत. म्या कुणाच्या कागदाव सही करत न्हाय."

"वाचून तर बघा."

"वाचता येतं मला. तीस वर्सं पोरास्नी वाचायला शिकवलंय शाळंत. सही करत न्हाय म्हणलं म्हंजी न्हाय करत." गाडी वळवून ती निघून गेली.

दुसऱ्या शनिवारी तो परत चरीच्या अलीकडं उभा. मळणी होऊन गेली होती. रानात सांडलेल्या शेंगांचा सरवा तेवढा राहिला होता आणि त्याच्यावर हरणांच्या खुरांचे ताजे ठसे. तासाभरानं बाई आली. या खेपेला गाडी हळू चालवत.

"आज धोंडं न्हाईत न्हवं खिशात?"

"न्हाईत."

"मग चरीपाशी का हुभाय? दारावर का येत न्हाईस? माणसं दाराव येत्यात."

मग त्यानं सांगितलं. आबा, मेंढरं, बांध, खाकरणं, रोज नवं रान. बाई ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "आन् कागद?"

"कागद न्हवता. शेतकरी बस म्हणाला की बसायचं. सकाळी जागा झाडून निघायचं."

"मग तूबी तसंच कर की. म्या म्हणती, मार हरणं. झालं."

संग्राम इतके दिवस जे ऐकायला फिरत होता ते कानावर पडलं होतं, आणि ते त्याला घेता येत नव्हतं.

"तोंडी नको," तो म्हणाला. "झाडाला तुमचा जांभळा पट्टा हाय. उद्या रस्त्यानं पोलीस गेला, माझ्या हातात बंदूक दिसली, तर त्यो तुमाला इचाराय येईस्तवर थांबणार न्हाय. माझ्या खिशात सही पायजे. माझ्या नावावर."

"आन् म्या देत न्हाय." तिनं झाडीपलीकडं हात केला. तिकडं लांबवर दुसऱ्याचा कापूस पांढरा पडला होता. "त्यो कापूस दिसतोय? ती सगळी आमची जिमीन हुती. माझ्या बापाकडं एक माणूस आला दाराव, टोपी काढून. म्हणाला, पाइनची झाडं तोडायची परवानगी द्या, हितं सही करा. बापानं केली. कागदात झाडं न्हवती, जिमीन हुती. ह्ये अठरा एकर आईच्या नावाव हुतं म्हणून ऱ्हायलं. तवापास्नं दाराव जो जो आला त्यो कागद घिऊनच आला. म्या एकालाबी आत घेटलं न्हाय."

"मी बी कागदच आणलाय," संग्राम म्हणाला.

"आणलायस खरा. पर दाराव न्हाय आणलास."

"मग?"

"मग काय? हुभा ऱ्हा."

"ऱ्हातो की," संग्राम म्हणाला. "मला काय घाई हाय?"

घाई होती. हंगाम पहिल्या जानेवारीला संपत होता. पण हे तिला कशाला सांगायचं?

घरी रेणूला सांगितलं. ती कपडे घडी करत होती. "म्हणजे ती परवानगी देतेय आणि तू घेत नाहीस?"

"व्हय."

"आणि सही मागतोयस, तर ती देत नाही."

"व्हय."

"मग तुमचं दोघांचं छान जमेल," रेणू म्हणाली. पण तिसऱ्या शनिवारी सकाळी तिनं डबा भरून ठेवला होता, आणि झाकणावर एक जास्तीची धपाट्यांची पुरचुंडी. "त्यांच्यासाठी. तिखट कमी घातलंय. उभा राहणार असशील तर नीट उभा राहा."

तिसऱ्या शनिवारी तो चरीपाशी पोचला तर बाई आधीच येऊन बसली होती.

"तुझा एक दोस्त आलता परवा बेस्तरवारी," ती म्हणाली. "उंच, लाल तोंडाचा. क्ले नावाचा. म्हणाला, संग्राम चांगला माणूस हाय, म्या वळखतो, देऊन टाका त्याला सही."

संग्रामच्या हातातली धपाट्यांची पुरचुंडी हातातच राहिली. हाफिसात त्यानं भुईमूगवाल्या बाईची गोष्ट सांगितली होती, दगडांसकट, हसत हसत. क्लेनं ऐकून घेतलं आणि मित्र म्हणून आपला शब्द टाकून आला. चांगुलपणानंच. पण तीनशे मेंढरं परत उठली.

"आन् तुमी आता सही देणार?" त्यानं विचारलं.

"दिली तर?"

"तर नको मला." त्यानं पुरचुंडी तिच्या गाडीच्या टपावर ठेवली. "ही घ्या, बायकूनं दिलीय, ह्येचा त्येच्याशी संबंध न्हाय. पण सही क्लेला द्या. त्यानं मागितलीय, त्याची जागा. मी त्याच्यासाठी तीन शनिवार उभा न्हवतो."

तो वळला आणि आपल्या गाडीकडं चालू लागला. पाच पावलं गेला असेल. एक हंगाम गेला, दुसरा गेला, हा तिसराही जाणार, हे त्याला चालता चालता कळत होतं. थांबावं असं मात्र त्याला एकदाही वाटलं नाही.

"आरं ए खुळ्या!" बाई मागनं ओरडली. "त्या कापसाचा मालक कोण, ठावं हाय का तुला? त्येचा चुलता! तीस वर्सं माझ्या दाराव कागद धाडतुया. त्येच्या पुतण्याच्या शब्दाव म्या सही करीन व्हय?"

संग्राम थांबला, पण वळला नाही.

"ओसरीवनंच लावला म्या त्याला माघारी. म्हणलं, ज्येला पायजे त्येला तोंड हाय. दोन शनवार झालं माझ्या चरीपाशी घिऊन हुभाय."

मग तो वळला. बाईनं मांडीवरची वही उघडली होती. शाळेतल्या पोरांची असते तसली, निळ्या रेघांची.

"तुझ्या कागदाव म्या सही करणार न्हाय. माझ्या कागदाव तू करायचीस. चालतंय का बग. नाव सांग."

"संग्राम."

"सगळं सांग. एक एक अक्षर."

त्यानं घुटुकडेसकट सांगितलं. तिनं सावकाश, मास्तरणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "संग्राम घुटुकडे यानं मला स्वतः विचारलं. माझ्या जमिनीत पहिल्या जानेवारीपर्यंत हरणं मारायला त्याला माझी परवानगी आहे. फक्त त्याला. हरणाशिवाय इथलं काहीही त्याचं नाही." खाली तारीख, खाली तिची सही. मग तेच सगळं दुसऱ्या पानावर परत लिहिलं.

"दोन्हीव सही कर. एक तुझ्या खिशात, एक माझ्या पेटीत."

संग्रामनं आधी वाचलं. गोळी तपासतो तसं, एक एक ओळ. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "अजून एक लिवायचं ऱ्हायलं."

बाईचे डोळे बारीक झाले. "काय?"

"रानाच्या मालकाचा वाटा. एक मागचा पाय आन् काळीज. आमच्याकडं दिल्याबिगर घरी न्हेत न्हाईत."

"काळीज म्या बटाट्यासंगं परतती," बाई म्हणाली आणि लिहिलं.

त्या रात्री त्यानं गावाकडं फोन लावला. तिकडं उजाडलं होतं, मागं मेंढरं ओरडत होती. आबा आता कोकणात उतरत नाहीत, गुडघे गेलेत, पण वीस-पंचवीस मेंढरं दारात आहेत. संग्रामनं सगळं सांगितलं.

"किती येळ हुभं केलं?" आबांनी विचारलं.

"तीन शनिवार, आबा."

"मग लवकर झालं म्हणायचं," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आन् धोंडं? नऊच्या नऊ घावलं?"

"घावलं."

"हं." त्यांचं समाधान झालं ते या उत्तरावर, कागदावर नव्हे.

पुढच्या शनिवारी संग्राम बंदूक घेऊन, भगवं जाकीट घालून चर ओलांडून आत गेला. दुपारपर्यंत झाडीच्या कडेला बसला आणि काहीच मारलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी एक मादी मारली. पाय आणि काळीज ओसरीवर पोचवलं. तिथवर जायला बाईनं त्याला बोलावलं होतं. उरलेल्या मटणाचा रस्सा रेणूनं केला. आधी तोंड वाकडं करत आणि मग दुसऱ्यांदा वाढून घेत. थोडा एका डब्यात भरून सुमंतकाकांकडं पाठवला. डबा धुऊन परत आला. सोबत निरोप होता की तिखट बेताचं होतं.

सोमवारी हाफिसात संग्रामनं क्लेला फोटो दाखवला. फोटोत हरीण, हरणाशेजारी वहीचं निळ्या रेघांचं पान धरलेला संग्राम आणि मागं ओसरीत मिस अर्नेस्टीन. क्लेनं फोटो मोठा करून करून बघितला. रागावला नव्हता तो, पण काहीतरी त्याला खुपत होतं.

"त्या बाईनं माझ्या चुलत्याला तीस वर्षांत ओसरीवर चढू दिलं नाही," तो म्हणाला. "मलाही पायरीवरनं परत लावलं. आणि केवढं रान आहे ते! संग्राम, ऐक ना. पुढच्या हंगामाला माझ्यासाठी तिच्याकडं एक शब्द टाकशील?"

संग्रामनं फोन खिशात ठेवला. गोळ्यांच्या नव्या मालाचा कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं.

"दारावर जाऊ नकोस," तो म्हणाला. "चरीच्या अलीकडं उभा राहा. आणि स्वतःच्या तोंडानं माग."